मे महिन्यातला ओव्हरकोट

सुलोचनावहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी घोटीला एका मित्राच्या भातगिरणीत बसून त्यांचाच किस्सा सांगत होतो. नुसता सांगत नव्हतो, करून दाखवत होतो. तांदळाच्या पोत्यांच्या थप्पीला मुंबईची बाई केलं होतं, अंगावर मित्राची शाल ओढून मी वहिनी झालो होतो, आणि "भर मे महिन्यात, साखरेच्या रांगेत, अंगात ओव्हरकोट!" या वाक्याला सगळी गिरणी हसत होती. तेवढ्यात ऑफिसातला फोन वाजला. मित्र आत गेला, बाहेर आला आणि हसणं ओसरायची वाट बघत दारात उभा राहिला. मी इतका रंगात आलेलो की त्यालाही हातानेच खूण केली, थांब, खरी गंमत पुढेच आहे... शेवटी तो म्हणाला, "दत्ता, नाशिकहून फोन होता. मधू गांगुर्डेची बायको गेली." शाल माझ्या अंगावर तशीच. माझ्यासारख्या हौशी नटाला रंगमंचावरून कधी आत जावं हे कधीच कळलं नाही, पण त्या दिवशीइतकी लाज त्याची कधी वाटली नव्हती.

याला पाच आठवडे झाले. ‘सुलोचना, नाशिक’ हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. माझी सगळी चिडचिड त्याच एका गोष्टीची आहे. आडगाव नाक्याजवळच्या वसाहतीतल्या दोन खोल्यांत दहा-बारा वर्षं असे कोट तयार झाले की परदेशी फिरून आलेली माणसं ते अंगात घालून गप्प व्हायची. फॅशन हाऊस, घराणं, पेढी, वाटेल ते म्हणा. मी सगळं म्हणून बघितलं. नवरा-बायको मात्र शेवटपर्यंत एवढंच म्हणत राहिले, "कोटाचं काम आहे." आणि हे नाव मुंबईच्या शोकेसमध्ये झळकणार होतं ते का झळकलं नाही, याचा एक किस्सा मी इतकी वर्षं गावोगाव सांगत आलो. आज तो खरा सांगणार आहे. पहिल्यांदाच.

या घराण्याचा उगम माझ्या काखेत आहे. हसू नका. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी मेनरोडवरच्या एका कापड दुकानात गिऱ्हाइकांसमोर ठाण उलगडायचो आणि संध्याकाळी नाटकाच्या तालमीला जायचो. मधुकर गांगुर्डे ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. आमच्या मंडळात तो नेपथ्य करायचा, आणि त्याने लावलेलं दार नाटकात कधी अडकलं नाही. त्या वर्षी मला बॅरिस्टरची भूमिका होती. भाड्याने आणलेला कोट पेटीतून काढला तर उंदरांनी त्याची एक बाजू संपवलेली. मी कपाळावर हात मारून घेतला. मधू म्हणाला, "मी शिवतो." त्याचा मामा देवळाली कॅम्पात लष्करी अधिकाऱ्यांचे कोट शिवायचा आणि मधूच्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या मामाच्या हाताखाली गेल्या होत्या, हे आम्हाला तोवर ठाऊकच नव्हतं. त्याने माझं माप घेतलं आणि कारखान्यात विमानाच्या भागाचं काढतात तसं माझं ड्रॉइंग काढलं: समोरून, बाजूने आणि वरून. माझ्या पोटाचा वरून काढलेला तो नकाशा मंडळाच्या भिंतीवर महिनाभर टांगलेला होता आणि तालमीला येणारा प्रत्येक जण त्यात गोदावरी कुठे आहे ते विचारायचा.

कोट अप्रतिम झाला. तिसऱ्या अंकात मी न्यायाधीशांकडे हात उंचावून गर्जना केली आणि काखेतली शिवण अशी उसवली की आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. पब्लिकने टाळ्या वाजवल्या. शिट्ट्याही. दुसऱ्या दिवशी मी मधूच्या घरी तणतणत गेलो, तर वहिनींनी माझ्या हातातून तो कोट घेतला. उंच, रुंद खांद्यांच्या, कमी बोलणाऱ्या बाई. तिसऱ्या रांगेत बसून त्यांनी माझी फजिती पाहिलेली. "दत्ताभाऊ, हा कोट उभं राहणाऱ्या माणसाचा झालाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठं एका जागी उभे राहता?" मग नवऱ्याकडे वळल्या. "तुमच्या कारखान्यात हा पास झाला असता का?"

मधू ओशाळला. म्हणाला, "तिकडं करणाऱ्याने आपलं काम आपणच पास करायचं नसतं. इन्स्पेक्शनचा माणूस वेगळा असतो."

"मग इथं कोण आहे वेगळा?"

वहिनींनी कोट अंगात घातला, पदर कमरेला खोचला आणि त्या हापशाकडे पाणी आणायला गेल्या. झालं! जगातल्या कुठल्याही फॅशन हाऊसला नसेल असा नियम त्या सकाळी हापशावर ठरला.

तेव्हापासून त्या घरातून बाहेर पडणारा प्रत्येक कोट, बाईचा असो की बाप्याचा, आधी एक अख्खा दिवस वहिनींच्या अंगावर असायचा. सकाळी आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून त्या कोट चढवायच्या तो थेट दिवेलागणीला काढायच्या. त्यात त्या झाडलोट करायच्या, शेजारणीचं पोर कडेवर घ्यायच्या, जमिनीवर बसून तांदूळ निवडायच्या, बाह्या वर सारून कणीक मळायच्या. लांबी-रुंदी टेपला कळते, पण हलताना काय होतं ते अंगालाच कळतं, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी कोटाच्या काजाला दोरा बांधायचा. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे उसवा. लाल दोरा दिसला की मधू अवाक्षर न काढता टाके उसवायला बसायचा. बोंबलायचो तो मी. "अहो वहिनी, गिऱ्हाईक उद्या येणारे!" "येऊ द्या. चहा देऊ." पास झाला की ब्रश, वाफ, इस्त्री, सगळं त्या स्वतः करायच्या. त्यांनी दिवसभर वापरलेला कोट दुसऱ्या दिवशी इतका कोरा दिसायचा की मला, कापड दुकानातल्या माणसाला, खूण सापडायची नाही.

नोकरीत असताना मधूच्या नावावर धंदा नको, म्हणून नाव त्यांचं लागलं: सुलोचना. मी पाटी रंगवून आणली होती ‘रॉयल सुलोचना, नाशिक–मुंबई–पॅरिस’. ती त्यांनी उलटी करून पोळ्या लाटायला घेतली. अस्तराचीही तीच तऱ्हा. लोकर अंगाला टोचते म्हणून येवल्याच्या एका विणकराकडून त्या रेशमी कापड विणून घ्यायच्या, आणि त्यावर एकच मोर, आतल्या खिशापाशी. बाहेरून कोट अगदी साधा. मी अक्षरशः हात जोडायचो, "वहिनी, मोर बाहेर काढा हो! लोकांना दिसू द्या!" त्या म्हणायच्या, "थंडी लोकांना वाजणार आहे की घालणाऱ्याला?" सांगा, काय बोलायचं अशा माणसाशी?

आधी कारखान्यातले एक-दोन अधिकारी आले, मग त्यांच्या बायका, मग निफाडचे द्राक्षवाले. निफाडचा गारठा ज्याने पहाटे बागेत उभं राहून खाल्लाय त्याला कोट म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. कोंडाजीबापू म्हणून एक बागाईतदार पहिल्यांदा आले ते स्वेटर, मफलर आणि वर घोंगडी अशा थाटात. वहिनी प्रत्येकाला माप घेण्याआधीच सांगायच्या, "तुमचा कोट आधी दिवसभर मी घालणार. चालत असेल तर माप घेते." बापू म्हणाले, "घाला की. फक्त लय दिस नका घालू, आमाला बी थंडी वाजती." काही जण मात्र "विचार करून सांगतो" म्हणायचे आणि परत यायचे नाहीत. वसाहतीच्या तोंडाशी बुद्धविहार होतं, निळा झेंडा होता, दारावर गांगुर्डे नाव होतं. ते लोक कसला विचार करायला गेले ते मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. मी विषय बदलायचो. विषय बदलण्यात माझा हात धरणारा सगळ्या नाशकात कोणी नाही.

आणि मग मुंबईच्या बाई आल्या. आमच्या दुकानात माल पाठवणाऱ्या एजंटाने कुठल्याशा अधिकाऱ्याच्या पत्नीचा कोट पाहिला, त्याने मुंबईतल्या एका बड्या दुकानाच्या मालकीणबाईंना सांगितलं, मी चार पत्रं लिहिली (माझी पत्रं म्हणजे काय, स्वगतंच), आणि ऑर्डर आली. बायकांचे बारा ओव्हरकोट. हिवाळ्यासाठी शोकेसमध्ये लावायला, आत ‘सुलोचना, नाशिक’ अशी चिठ्ठी. आवडले तर दर वर्षी. मधूने कारखान्याचा राजीनामा लिहून काढला, घडी करून बुद्धाच्या तसबिरीमागे ठेवला. "बारा पास झाले, बाईंनी पसंत केले, की देणार," म्हणाला. सकाळी बसने ओझर, रात्री मशीन, असं करून त्याचे डोळे खोल गेले होते. त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, दिवसाउजेडी कोट शिवायला बसणं. ती आता हाताच्या अंतरावर होती.

वहिनींनी मला विचारलं, "दत्ताभाऊ, बाईंना सांगितलंय ना, कोट आधी मी घालणार ते?"

"सांगितलंय की!" मी म्हणालो. पत्रांत ते एक वाक्य सोडून बाकी सगळं होतं.

हिवाळ्याचा माल उन्हाळ्यातच तयार करावा लागतो. त्यामुळे ऐन मे महिन्यात, नाशिकचं डांबर वितळत असताना, वहिनी लोकरीचे ओव्हरकोट घालून वावरत होत्या. अकरा कोटांना हिरवा दोरा बांधून झाला होता. बारावा अंगावर होता त्या दिवशी बाई येणार होत्या, दुपारी चारला. मी गजरा, पेढे, घामाघूम स्वागतसमिती, सगळ्या तयारीत. आणि बाईंची गाडी सकाळी अकरालाच वसाहतीत शिरली! समोर रेशनचं दुकान, साखरेची रांग, आणि रांगेत मधोमध गडद हिरव्या ओव्हरकोटातल्या आमच्या वहिनी, हातात पिशवी. बाईंनी काच खाली केली. "हा... हा आमचा कोट?"

इथवर मी किस्सा नेहमी असाच सांगतो, आणि इथे लोक पोट धरून हसतात. यापुढे मी सांगायचो की बाईंना कोट चुरगळण्याची भीती वाटली, त्यांनी घालणं बंद करा म्हटलं, वहिनी हट्टाला पेटल्या आणि एका सुरकुतीपायी मुंबई बुडाली. टाळ्या.

झालं होतं ते असं. बाई घरात आल्या. कोट बघताना त्यांचे हात बोलत होते. शिवण उलटी करून पाहिली, मोरावरून बोट फिरवलं, "सुंदर, फारच सुंदर," तीनदा म्हणाल्या. माल जाणणारी बाई होती, त्यात खोट नाही. वहिनींनी तांब्या-भांडं पुढे ठेवलं. त्याला बाईंनी हात लावला नाही. मग मला एकट्याला गाडीपाशी नेलं आणि आवाज खाली करून विचारलं, "ही सगळी वस्ती त्यांचीच का?" मी "हो" म्हणालो. "हे बघा, मी स्वतः काही मानत नाही. पण माझी गिऱ्हाइकं मोठ्या घरांतली आहेत. यांच्या अंगावरचे कोट मी त्यांना कसे विकू? घालणं बंद करायला सांगा. हे बारा मी धुलाईला टाकून घेईन. आणि चिठ्ठीवर हे नाव नको, दुसरं एखादं टाकू."

मी नट माणूस. हजार माणसांपुढे बॅरिस्टर होऊन न्यायासाठी गर्जना केलेला. आणि गाडीच्या काचेशी वाकून मी म्हणालो, "हो हो, बाईसाहेब. बरोबर आहे. मी बघतो." बरोबर आहे! हा शब्द मला कोणी लिहून दिला नव्हता. तो माझा होता.

आत येऊन मी सांगितलं, "बाई खूश आहेत! फक्त म्हणतात, घातल्याने कापड चुरगळतं, तेवढं घालणं थांबवा. आणि नाव जरा इंग्रजी घेऊ."

"चुरगळतं म्हणाल्या?" वहिनींनी विचारलं. कोट अजून अंगातच होता, कपाळावरून घाम ओघळत होता.

"हो."

"दुसरं काही नाही म्हणाल्या?"

"नाही हो! घाईत होत्या बिचाऱ्या."

त्यांनी न उचललेल्या भांड्याकडे पाहिलं, मग मधूकडे. मधू कात्री पुसत होता, पुसतच राहिला. वहिनी म्हणाल्या, "मग नको. घातल्याशिवाय या घरातून कोट जायचा नाही." मी विनवण्या केल्या, गुडघे टेकले, चिडलो. शेवटी म्हणालो, "वहिनी, न घालता पाठवा आणि आपल्या मनाशी घातले म्हणा!" मधूने तसबिरीमागचा कागद काढला आणि चुलीत घातला. त्यानंतरही तो सकाळच्या बसने ओझरला जात राहिला, कोट रविवारी आणि रात्री शिवत राहिला. ते बारा कोट हळूहळू निफाड आणि ओझरच्या बायकांनी घेतले.

आणि मी? मी चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, नाटकाच्या बसमध्ये ‘वहिनींनी मुंबई कशी बुडवली’ हा प्रवेश करत राहिलो. त्यांच्या समोरसुद्धा केला! त्या चहा गाळत ऐकायच्या. कधीतरी नुसतं म्हणायच्या, "दत्ताभाऊ, साखर किती?" मला वाटायचं, कसली ही बाई, हसत नाही, रागवत नाही. मनातून मी त्यांच्यावर चिडलेलोच असायचो. तुमच्या हट्टापायी माझा मित्र आयुष्यभर फिटर राहिला, असं मला खरोखर वाटायचं. स्वतःचंच खोटं इतक्या वेळा साभिनय सांगितलं की माझाच त्याच्यावर विश्वास बसला होता.

वहिनींच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावरच्या रविवारी मी मधूकडे गेलो. तो खिडकीपाशी बसला होता, हातात काम नव्हतं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. गाडी, काच, धुलाई, चिठ्ठीवरचं नाव, माझं ‘बरोबर आहे’. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आम्हाला तेव्हाच कळलं होतं, दत्ता."

"कसं?"

"पाणी प्यायली नव्हती ना ती."

मी ओरडलोच, "मग मला तोंडावर का नाही झापलंत? दोघंही! इतकी वर्षं मी माकडासारखा..."

"मी बोलणार होतो. सुलोचना म्हणाली, राहू द्या. त्यांना सांगावंसं वाटेल तेव्हा सांगतील." मग म्हणाला, "वाट बघितली तिनं."

माझा संताप कुणावर काढावा ते मला अजून कळत नाही. त्या बाईवर? तिचं आता नावही आठवत नाही. वहिनींवर? त्यांनी मला एक शिवी दिली असती तर मी सुटलो असतो. चार शब्दांसाठी वाट बघणारं माणूस समोर बसलेलं, चहा गाळत, आणि मी त्याच्याच नकला करतोय...

आम्ही असे बसलेलो असताना कोंडाजीबापू आले. आता काठी टेकत चालतात. वहिनींचं त्यांना ठाऊक होतं, तरी दारात उभं राहून आधी ते थोडा वेळ नुसते आत बघत राहिले. मग मधूच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "मधुकर, माझा कोट झालाय का रं? गारठा सुरू झाला."

"शिवून झालाय, बापू. पास नाही झाला."

"म्हंजी?"

"सकाळी घातला होता तिनं. दुपारी छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत घालायचा होता."

"पर घातलेला हाय ना त्यांनी?"

"अर्धा दिवस."

"मग दे," बापू म्हणाले. "त्यांनी घातलेला हाय, मला तेवढं पुरं."

एवढंच म्हणायचं होतं. त्या दिवशी गाडीच्या काचेशी वाकून मला एवढंच म्हणायचं होतं, आणि निफाडच्या या म्हाताऱ्याने ते एका श्वासात, काही विशेष करतोय असं न वाटता म्हणून टाकलं.

मधूने मान हलवली. "नाही देता येत, बापू. मी केलाय, मी पास कसा करू?"

बापूंनी वाद घातला नाही. उठले, खुंटीवरच्या कोटाजवळ गेले, पालथा हात त्याच्या पाठीवरून फिरवला आणि म्हणाले, "बरं. यंदा जुन्यावर काढतो." काठीचा आवाज गल्लीत लांबपर्यंत येत राहिला.

तो कोट तिथेच आहे. दवाखान्यात नेताना घाईत कुणीतरी काढून खुंटीला अडकवला. उजवी बाही कोपरापर्यंत वर सारलेली आहे, आणि घडीत कणीक वाळून बसली आहे. मी दर रविवारी जातो. मधू चहा करतो, आम्ही दोघं त्या बाहीसमोर बसतो. ब्रश शेजारीच आहे. कणीक झाडायला मिनिटही लागणार नाही.